उद्याच्या निवेदनातलं एक वाक्य

बुधवार, दिवेलागण

आत्ताच सरपंचकाकांचा फोन ठेवला. बरोबर केलं ना मी?

उद्या गावात नळयोजनेचं उद्घाटन. मी बीएला संवादकला आणि तत्त्वज्ञान घेतलंय, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे. निवेदन काकांनीच लिहून पाठवलं. त्यात एक वाक्य आहे, 'आज गावातल्या प्रत्येक घरात पाणी पोचलं आहे.' आमच्या वस्तीवर नळ बसलेत, पाणी नाही. आई आत्ता हंडा घेऊन हातपंपावरच गेलीय. ते वाक्य सोडून बाकी सगळं म्हणेन, एवढंच मी काकांना सांगितलं.

"आगं, लिव्हलंय म्या. तू नुसतं वाचायचं."

"पण आवाज माझा आहे ना, काका."

ते हसले. "लई शिकलीस बाई! ऱ्हाऊ दे, दुसरी पोरगी बघतो."

खोटं आपलं कधी होतं, लिहिताना की उच्चारताना, यावर वर्गात मी तावातावानं बोलले होते. तिथं कुणाचं काही जात नव्हतं. इथं काकांनी राग धरून वस्तीचं पाणी लांबवलं तर? 'प्रत्येक घरात.' दोनच तर शब्द. वाचून टाकले असते तर?

आणि आबा. घरातली पहिली शिकलेली पोर माईकवर बोलणार म्हणून त्यांनी पाटोद्याहून आत्याला बोलावलंय. त्यांना अजून काही माहीत नाही. आत्ता दारात येऊन विचारलं, "पुढं बसू का कडंला? तुला कुठून दिसन मी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढंच बसा, आबा."