आधी केस, मग चावा

रहिमतपूर, ता. ९-१-१९७४

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. साप्ताहिकातलं माझं परीक्षण सोबत धाडतोय, पाव्हण्यांना मोठ्यानं वाचून दाखव. नवा रंगीत चित्रपट ‘शापित लांडगा’ पुण्याच्या सगळ्या पेपरांनी झोडपला. जुन्या काळ्या-पांढऱ्याची फिकी नक्कल म्हणे! मी आमच्या तंबूत सलग दोन दिवस पाहिला. जुन्यात सरदाराला धुक्यात लांडगा चावतो, मग पुनवेला अंगभर केस उगवतात. नव्यात आधी केस, चावा मागाहून! वीस मिनिटं माणूस गार पडतो, की ह्याला झालंय तरी काय. ही धिटाई एकाही पदवीधराला दिसू नये?

बारा वर्षं लिहितोय, चूक कुणी दाखवलेली नाही. सातवी शिकलेला चुकला की लोक शिक्षण काढतात, म्हणून जपतो.

लोभ आहे तो वाढवत जा.

तुझा दादा,
लालासाहेब

सांगली, ता. १५-१-१९७४

ती. दादांस शालूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

परीक्षण वाचलं आणि ह्यांनी लगेच थेटरात नेलं. दादा, रागावू नका. इथं लांडगा आधीच चावतो. शेजारच्या गुणमालाबाईंनी मिरजेत पाहिला, तिथंही तसंच. तुमच्या तंबूत रिळं उलटीपालटी लागली असणार. हे हसून हसून खाटेवर आडवे झाले.

आम्ही कुठं बोलणार नाही. पण तुम्हाला घास जायचा नाही, हे मला ठाऊक आहे. काय ते तुम्हीच ठरवा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शालू

रहिमतपूर, ता. २-२-१९७४

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी खरंच जेवलो नाही. लांडगा मलाच चावला का, असं तुझ्या वहिनीनं विचारलं.

तंबूत जाऊन मशीनवाल्या हंबीररावाला डबे उघडायला लावले. तिसऱ्या डब्यात चौथं रीळ, चौथ्यात तिसरं! आवं, डब्यावरचा आकडा बघून लावतो, आत कोण बघतंय, म्हणाला. मग साताऱ्याला जाऊन सरळ क्रमानं पाहिला. पेपरवाल्यांचं खरं आहे गं. एकदा चावला की पुढचं सगळं कळतं. मला तर डुलकी लागली.

संपादक म्हणाले, गप्प बसा, कुणाला कळतंय. मला कळतंय, म्हणालो, आणि छापायला लावलं: मी चुकलो, चित्रपट सुमार आहे, आणि मी वाखाणलेली वीस मिनिटं हंबीररावांची आहेत. रिळांच्या आकड्यांसकट.

दोन दिवस चौकातून मान खाली घालून गेलो. तिसऱ्या दिवशी तंबूवाल्यानं फळी टांगली: उलटा लांडगा फक्त इथंच. बसायला जागा पुरेना! हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी रस्त्यात थांबवून सांगितलं, की इतकी चोख दुरुस्ती त्यांनी आजवर वाचली नव्हती. सातवीचं नाव कुणी काढलं नाही.

हंबीरराव आता इस्त्रीचा शर्ट घालून मशीन चालवतो. पाचवं-सहावं बदलून बघू का, म्हणून काल सल्ला विचारत होता. आज संध्याकाळी तेच बघायला निघालोय, म्हणून पत्र आटोपतं घेतो.

पाव्हण्यांना नमस्कार, त्यांचं हसणं थांबलं असेल तर.

तुझा दादा,
लालासाहेब