भिंतीतली टाकी

३ ऑगस्ट
इकितोसला पोहोचले. नाऊताहून दोन तास बस, मग मोटोटॅक्सीत बोचकं मांडीवर घेऊन. घर हवेशीर आहे. म्हाताऱ्या घरमालकांचे, डॉन अबेलार्दोंचे, गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत. माझी उंची बघून म्हणाले, नर्स मागवली होती, अर्धीच पाठवली. शेजारच्या डोन्या रोसाउरांनी पानात बांधलेला गरम भात आणून दिला.

काम सोपं. औषधं, जेवणखाण, आणि माशांची छोटी टाकी. ती बैठक आणि आतली खोली यांमधल्या भिंतीत बसवलीय, दोन्हीकडून काच. पाणी इतकं नितळ की पलीकडची रिकामी खाट दिसते, निळ्या चादरीसकट. त्या खोलीला कुलूप.

६ ऑगस्ट
पाणी राखायला शिकले. तीन दिवसांनी तिसरा हिस्सा बदलायचा. नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवायचं. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धुतला की टाकी पांढुरकी होते. खाणं चिमूटभर. डॉन अबेलार्दो समोरच्या खुर्चीतून हलत नाहीत. मासे बघत नाहीत, पलीकडे बघतात.

९ ऑगस्ट
रोसाउरांकडून कळलं. खाट डॉन अबेलार्दोंच्या बहिणीची, सोराइदाची. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली, एकटेपणाला घाबरायची. पडल्या पडल्या भाऊ दिसावा म्हणून त्यांनी भिंत फोडून टाकी बसवली. एकदा ते तीन दिवस नदीकाठच्या जत्रेला गेले. वीज गेली, फिल्टर बंद, पाणी गढूळ. परतले तेव्हा सोराइदा टाकीखाली मरून पडली होती. खाटेपासून सरपटत आलेली. "ते तीन दिवस तिचं जेवण माझ्याकडे होतं," असं सांगताना रोसाउरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१२ ऑगस्ट
सकाळपासून वीज नाही. पाणी ताकासारखं. दोनदा बदललं, तरी धूसरच. डॉन अबेलार्दो जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, "पाणी नितळ असलं की तिला मी दिसतो, मग ती पडून राहते. नाही दिसलो तर उठते, पोरी."
दुपारी बंद खोलीत काहीतरी घासत गेलं. जमिनीलगत.

१३ ऑगस्ट
वीज आली. पाणी निवळलं. चादर खाली पडलीय. कुलूप तसंच.

१५ ऑगस्ट
त्यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं. माझा हात सोडेनात. खुर्ची रिकामी ठेवू नकोस, म्हणाले. मी शब्द दिला. का दिला?

१६ ऑगस्ट
बसलेय. रोसाउरा दारातूनच ताट देऊन गेल्या. चादर परत खाटेवर आहे. मधोमध फुगलेली. मासे सगळे माझ्या बाजूच्या काचेला चिकटलेत.

१७ ऑगस्ट, दुपार
निरोप आला. डॉन अबेलार्दो गेले. फक्त दारापर्यंत गेले होते मी — रोसाउरा रडत होत्या — परत आले तर फिल्टरची मोटर बंद. वीज आहे. मोटर बंद.
पाणी पांढरं होतंय.

थोड्या वेळाने
बादली ओतली. काच पुसली. नाही —
बाहेर जायचं तर त्याच खोलीच्या दारावरून —
घासतंय. खाटेपासून. आता भिंतीखाली.
मी मोठ्याने सांगितलं, सोराइदाबाई, तुमचे भाऊ वारले. थांबलं सगळं.
मग पलीकडून उत्तर आलं. बाईचा आवाज नव्हता. मी ओळखते तो आवाज.
"पोरी, तू दिसत नाहीस."
आता दोघंही —