पदराआड

आई, तू गेलीस त्याला दहा वर्षं झाली, तरी कॅनडातल्या वॉटर्लूच्या टाउनहाउसमधलं ते किचन माझा पिच्छा सोडत नाही. माझी लेक सहा महिन्यांची होती. वर्षाची रजा मिळत असून मी ऑफिसला निघाले, आणि तू तिला सांभाळायला व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलीस. पहिलाच आठवडा. तू तिला मांडीवर घेऊन मऊ भात भरवतेयस, काऊ-चिऊ चाललंय, आणि मी शहाणी दारातूनच म्हणते, "आई, तिच्याशी इंग्लिशच बोल. दोन भाषांनी मुलं कन्फ्यूज होतात." ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेलं, तेवढं पुरलं मला. तुझं इंग्लिश 'थँक्यू'पाशी संपायचं. तू नुसतं "बरं" म्हणालीस. त्यानंतर मी घरात असले की तू तिला मुक्यानंच भरवायचीस.

एकदा मी लॅपटॉप उघडून बसलेय, नि तू मला हाताला धरून नेतेस. तिच्यासमोर वाटीखाली चमचा झाकतेस. ती वाटी ढकलते, चमचा पकडते. "परवापर्यंत झाकलं की विसरूनच जायची गं. आता दिसलं नाही तरी आहे, हे कळतंय तिला. डोकं चालायला लागलं." काय फुलला होता तुझा चेहरा! मी म्हणाले, वाट्या कसल्या देतेस, एवढी फ्लॅशकार्ड्स आणलीत ती दाखव ना. तू वाटी धुवून पालथी घातलीस.

तू परत गेलीस आणि तुझं एक सुती पातळ कपाटात लटकत राहिलं. चार दिवसांनी लेक रांगत तिथं गेली, काठ उचलून आत डोकावली, आयुष्यातला पहिला शब्द म्हणाली, "भॉक." काठ सोडला, पुन्हा उचलला. तू तिथं नव्हतीस, तरी शोधत राहिली. म्हणजे मी कामावर गेले की तू पदराआडून हेच खेळायचीस, माझ्या चोरून, स्वतःच्या नातीशी. मला मेलीला लाज वाटली, पण तुला सांगण्याइतकी नाही.

पुढं लायब्ररीत आयांच्या वर्गाला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, घरची भाषा खुशाल बोला, वस्तू लपवा, शोधू द्या, मूल त्यातूनच विचार करायला शिकतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. तोवर तू या जगातून गेली होतीस. आता लेक अकरा वर्षांची आहे, मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

हे मी कुठं पाठवणार? पण तू भारतात परत गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोनवर विचारलं होतंस, बोलते का गं काही? मी सांगितलं, हो, पहिला शब्द 'मॉमी'. तू केवढी खूश झालीस. आई, मी खोटं बोलले.