खालचं गाव

९ जानेवारी १९४४
आज कामावर रुजू झाले. पलूसपासून बैलगाडीच्या वाटेवरचं हे गाव, चहूकडे ऊस, आणि उसात बुडालेला आमचा दोन खोल्यांचा दवाखाना. एका खोलीत बाळंतिणींच्या खाटा, दुसरीत मी. जमीन मातीची, पण छान सारवलेली. स्वतःची खोली जन्मात पहिल्यांदा मिळाली, म्हणून दुपारभर उगाचच दार लावून बसले. वाईला सासरी मी दार लावलं की सासूबाई बाहेरून खोकत. दिवाळीत सरकारी तार आली, हे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मारले गेले, आणि तेराव्याच्या आत मी पांढऱ्या पायाची ठरले. पोटातल्यालाही त्यांनी सोडलं नाही. आता सहावा लागलाय. पुण्याला नर्सिंग शिकले होते ते कामी आलं. मी आणि हे पोर, आमचं दोघांचं मजेत चालेल. बाकीच्यांनी खुशाल खोकावं.

२३ जानेवारी
पहिलं बाळंतपण पार पडलं. बाळंतीण शालूबाई, वीस-एकविशीची, नवरा पलटणीत. मुलगा झाला आणि माझ्या हातात असा खणखणीत रडला की मलाच हसू फुटलं. तिची सासू रंगूबाई, उसाच्या मोठ्या रानाची मालकीण. त्यांनी वार मागितली. मुलामागून पडलेली वार हळदकुंकू लावून न्हाणीपाशी पुरायची, हे आमच्या वाईलाही आहे. पण इथलं शास्त्र न्यारं. धरणी जिती आहे, तिच्या पोटात आपल्यासारखंच एक गाव आहे, आणि पुरलेल्या वारेतून खाली तिचं लेकरू वाढतं, असं रंगूबाईंचं म्हणणं. तेवढं मिळालं की वरचं लेकरू ती आपल्याला सोडते. तिचा वाटा तिला द्यावाच लागतोय बाई, म्हणाल्या. मी सांगितलं, दवाखान्यात माझा नियम. वार चुलीत घातली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. असल्या शास्त्राला एकदा घरात घेतलं की ते पाट मांडून बसतं, हे मी सासरी पुरतं भोगलंय.

१८ फेब्रुवारी
गावातल्या बऱ्याच बाया आता इथेच बाळंत होतात आणि सगळ्यांची वार चुलीत जाते. कुरकुरतात, डोळे पुसतात, पण माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. खरं लिहायचं तर मला ते आवडतं. आजवर माझं कुठे काय चाललं होतं?
आज जमिनीवर बसून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी पुसत होते. सहज चाळा म्हणून ती जमिनीला टेकवली आणि कान लावला. ठोके ऐकू आले. सावकाश, जड. माझ्याच कानातलं रक्त असणार. मग पोटाला लावली, तर पोराचे ठोके नेहमीसारखे भराभर. नळी कपाटात ठेवून दिली.

११ मार्च
शालूचा मुलगा नाहीसा झाला. भर दुपारी. त्याला वाकळेवर निजवून ती परड्यात धुणं वाळत घालायला गेली, आली तर वाकळ रिकामी. लोक लांडगा म्हणतात. मी जाऊन पाहिलं. कुठे ठसा नाही, रक्त नाही. वाकळेचं एक टोक मात्र जमिनीत गेलेलं, ओढलं तर निघेना. सारवण कुठेही फुटलेलं नव्हतं. हात लावला तर जमीन कोमट आणि मऊ, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या पोटासारखी. मी हात साडीला पुसला.
शालू रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

२ एप्रिल
आणखी दोन लेकरं गेली. दोन्ही माझ्याच हातची. फौजदार आले आणि लांडग्यावर पंचनामा करून गेले. ज्यांनी चोरून घरीच बाळंतपण उरकलं आणि वार पुरली, त्यांची पोरं धडधाकट आहेत. मला आता कळलंय, पण कळून काय उपयोग.
चुलीतली राख गोळा केली. हळदकुंकू लावून न्हाणीपाशी पुरली. मी, पुण्याला शिकलेली. मग नळी लावली. तेच ठोके — आणि त्यांच्याही खालून रडणं. शालूच्या मुलाचा आवाज मी कुठेही ओळखेन.

२० एप्रिल
दवाखान्यात कुणी फिरकत नाही. रंगूबाईंच्या पाया पडले. म्हणाल्या, राखंत जीव न्हाई बाई, आता तुमच्या लेकराची वार तेवढी नीट पुरा. पण माझ्या बाळंतपणाला कुणी यायला तयार नाही. निघून जावं तर कुठे? जमीन वाईलाही हीच.
खड्डा खणून ठेवलाय. हळद, कुंकू, सगळं हाताशी. मला दुसरं काही नको. हे एक पोर राहू दे.

९ मे
पहाटेपासून कळा. शालू आली. आपणहून. पाणी तापवलं, पाठ दाबली. यांच्यानंतर इतक्या मायेने कुणी —

दुपार
मुलगी. खाटेवर, छातीशी धरलीय. खाली ठेवणार नाही. लिहीत राहिले की डोळा लागणार नाही.
वार पडली. शालूला म्हटलं, न्हाणीपाशी — खड्डा तयार आहे — तिने मान हलवली. घमेलं उचललं. चुलीकडे गेली.

ओरडले. उठवेना. रक्त फार जातंय.

ती शांत आहे. म्हणाली, तुमचाच नियम हाय न्हवं, बाई. म्हणाली, खाली लेकरं हायती आन् त्यास्नी बघाय जाणतं कुणी न्हाई. तुमी शिकलेल्या बाई हाय.

खाटेचे पाय आत चाललेत — जमीन कोमट —

मुलगी तिच्यापुढे धरली. म्हटलं, मी जाते, सांभाळते सगळ्यांना, हिला घे. तिने हात मागे घेतले.

पुन्हा विचारते. शालू, तुझीच म्हणून घे — दूध येतंय अजून तुला — शालू, हिला नुसती वर —