ला सोलेदादचं जागतिक संमेलन

३ नोव्हेंबर २०१७, शुक्रवार

आरोग्य खात्याचं पत्र आलं. दर मंगळवारी येणारी डॉक्टर आता एक मंगळवार सोडून येणार. कारण, लोकसंख्या. गावात आम्ही अकरा जण. एक मी, मेयर, आणि बाकीचे दहा. आधी संताप आला. मग कल्पना सुचली. मला कल्पना नेहमी जेवणाच्या आधी सुचतात.

आमच्या गावाचं नाव ला सोलेदाद. म्हणजे एकटेपणा. बाहेरचे हसतात. पण या नावाची गावं मेक्सिकोत आहेत, कोलंबियात आहेत, कॅलिफोर्नियात आहेत. बायका तर किती असतील देव जाणे. सगळ्यांना पत्रं घालायची. ईस्टरच्या आदल्या दिवशी, ३१ मार्चला, आमच्या चौकात सोलेदाद नावाच्या सर्व गावांचं आणि माणसांचं जागतिक संमेलन. तीनशे लोक आले, पेपरात फोटो आला, की डॉक्टर बंद करायची कोणाची छाती होते बघू.

संकल्प: रोज दहा पत्रं. आनीसची दारू बंद. जुना कोट बसेल इतकं वजन उतरवणे.

५ नोव्हेंबर, रविवार

अडचण. गावात सोलेदाद नावाची बाई एकच, माझी थोरली बहीण सोले. वय ८१. आणि तीच चालली सारागोसाला, मुलाकडे, कायमची. तिच्या आर्तेमिओच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, घर गरम असतं, खालीच दवाखाना. बॅग भरून झाली आहे. कोंबड्या होनोरियो मेंढपाळाला देऊन टाकल्या आहेत.

जगभरातून सोलेदाद येणार आणि ला सोलेदादमध्ये सोलेदाद नाही? शोभा होईल.

तिच्याकडे गेलो, नीट समजावलं. म्हणाली, नीनो, मला चार पायऱ्या चढताना दम लागतो रे. म्हटलं, पायऱ्याच वाकड्या आहेत, गवंडी बोलावतो. म्हणाली, आर्तेमिओला काय सांगू? म्हटलं, ते माझ्यावर सोड. मग म्हणाली, लहानपणी तुझ्या नाताळच्या नाटकात मला गाढव केलं होतंस. या खेपेला निदान मेंढी तरी कर. म्हटलं, राणी करतो. हसली. हसताना खोकली.

राहतेय. बॅग मी स्वतः माळ्यावर चढवून आलो.

आनीस एक ग्लास. आनंदाचा प्रसंग, धरायचा नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर आली. नेरेआ नाव, तिशीच्या आतबाहेर. सोलेचे पाय दाबून पाहिले. बोट उचललं तरी खळगा तसाच राहतो म्हणाली. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन छातीच्या तपासण्या करा, या महिन्यातच. मी म्हटलं, संमेलन झालं की लगेच. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तरुण मुली मेयरसमोर बुजतात.

गोळ्या दिल्या आहेत. सोलेला नवीन बूट घट्ट होतात, पाय सुजणारच.

२० नोव्हेंबर, सोमवार

अभ्यास जोरात. शब्द कुठून कुठे गेला बघा. मूळ आमच्या माउलीपासून, देवाच्या आईपासून. मुलाला पुरून आल्यावर एकटी उरलेली मारिया, ती सोलेदादची मारिया. तिची देवळं झाली, देवळांभोवती गावं झाली, गावातल्या मुलींना तेच नाव पडलं. खलाशांनी ते समुद्रापार नेलं. तिकडे दक्षिणेत एका अख्ख्या बेटाला दिलं, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. मारिसोल नावाच्या बायकांना वाटतं आपलं नाव म्हणजे समुद्र आणि सूर्य. मुळात तीही मारिया दे ला सोलेदादच. सांगितलं तर रागावतात.

कॅलिफोर्नियातल्या गावाची गोष्ट तर मस्त. सांगतात की तिथल्या एका मूळच्या माणसाला पाद्रीबाबांनी नाव विचारलं. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, यांच्या कानाला 'सोलेदाद' ऐकू आलं. झालं नाव.

होनोरियोला सांगितली. तो म्हणाला, म्हणजे समोरचा सांगतोय एक आणि हा ऐकतोय आपल्या मनातलं. तुमच्याच घराण्यातला दिसतो पाद्री.

अडाणी माणूस. संमेलनात त्याला पार्किंगवर ठेवणार.

आमच्या गावाला हे नाव कोणी दिलं याचा कागद सापडत नाही. भाषणात 'थोर पूर्वजांनी' म्हणायचं.

७ डिसेंबर, गुरुवार

एकेचाळीस पत्रं गेली. (रोज दहाचा हिशेब थंडीमुळे चुकला.) चार उत्तरं. कादिसची एक बाई विचारते, जाण्यायेण्याचं कोण बघणार. एका मठातून आशीर्वाद आले. इथल्याच ग्वादालाहाराची (मेक्सिकोतल्या नव्हे) सोलेदाद आराउस लिहिते, कळवते. चौथं कोलंबियातल्या सोलेदाद शहरातून, तिथल्या कारकुनाने फोनच केला. त्यांच्याकडे लाखांनी वस्ती. त्याने विचारलं, तुमची किती? म्हटलं, अकराच्या घरात. अकरा हजार का, म्हणाला. लाइनीत खरखर होती. हो हो म्हटलं.

संपूर्ण कोलंबिया आपल्या बाजूने समजायला हरकत नाही.

२४ डिसेंबर, रविवार

सणाचं जेवण सोलेकडे. बदामाचं सूप तिनेच केलं. दोनदा मध्येच खुर्चीवर बसली, चमचा हातात धरून. मी भाषण वाचून दाखवलं, बावीस मिनिटं. तिने डोळे मिटून ऐकलं. शेवटी विचारलं, कसं आहे? म्हणाली, सगळ्या जगातल्या सोलेदाद आल्यात यात, मीच तेवढी नाही रे. तिला नवव्या मिनिटाला घेतलंय. तेव्हा डुलकी लागली असावी.

पायऱ्यांच्या गवंड्याला फोन करणे.

१० जानेवारी, बुधवार

गुडघाभर बर्फ. काल डॉक्टर येऊ शकली नाही. गावातली दोन्ही जोडपी मुलांकडे खाली शहरात निघून गेली, तात्पुरती. एका जोडप्याने फ्रिज नेला.

आता सात. संमेलनाच्या दृष्टीने जागा मोकळी झाली.

२१ जानेवारी, रविवार

दुपारी आर्तेमिओचा फोन. आई कशी आहे, तिचा आवाज बरा वाटत नाही, रस्ता उघडला की न्यायला येतो म्हणतो. म्हटलं, ठणठणीत आहे, सर्दी आहे, सूप पिते, पोस्टरवर तिचा फोटोसुद्धा छापलाय. तो म्हणाला, मामा, खरं सांगताय ना? म्हटलं, मी मेयर आहे.

खोटं काही नाही. सूप पितेच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आरोग्य खात्याचं दुसरं पत्र. डॉक्टरची फेरी पुढची सूचना येईपर्यंत बंद. रुग्णांनी खाली शहरात यावे. चाळीस किलोमीटर, आणि बस केव्हाच बंद झालेली.

म्हणजे संमेलन आता अत्यावश्यक. घाबरलेत ते.

येणार म्हणून नक्की सांगितलेले: १४०. (यात मठ धरला आहे, मठ येतो म्हणालेला नाही.)

आनीस दोन.

२० फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

सोले आता खालच्या खोलीत झोपते, बसूनच. आडवी झाली की गुदमरते म्हणते. आज माझा हात धरला. म्हणाली, नीनो, आर्तेमिओला फोन कर, म्हणावं ये. मला जायचंय. म्हटलं, चाळीस दिवस राहिलेत गं, फक्त चाळीस. मोजून दाखवले. म्हणाली, तुला मोजता येतात, मला नाही.

मग हात सोडला. पटलं तिला.

फोन तिच्या खोलीतच आहे, हवं तर तीही करू शकते. पण ती करणार नाही. मला दुखावणं तिला जन्मात जमलं नाही.

१ मार्च, गुरुवार

प्लॅस्टिकच्या साठ खुर्च्या शेजारच्या गावातून आणल्या. होनोरियोच्या गाडीतून दोन खेपा. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, नीनो, या बाईला हॉस्पिटलात घाल, खुर्च्यांवर मी वाटलं तर माझ्या मेंढ्या बसवतो. म्हटलं, तिचीच इच्छा आहे थांबायची. तो म्हणाला, तिची इच्छा तू कधी विचारलीस? सांगितलंस तेवढं.

यादी टाइप करायला घेतली. पत्रं आली ते, येऊ शकतील ते आणि यायला हवेत ते, अशा तीन रंगांत.

कोट अजून बसत नाही. बटणं सरकवणे.

१३ मार्च, मंगळवार

सोले गेली. सकाळी, साडेनऊच्या सुमारास. शांतपणे. शेवटपर्यंत मी उशाशी होतो.

अँब्युलन्सला पावणेदोन तास लागले. रस्त्याचा दोष. त्यांच्याबरोबर नेरेआ आली, कागदावर सही केली. माझ्याशी बोलली नाही, कामात होती.

१५ मार्च, गुरुवार

अंत्यविधी. चौतीस गाड्या आल्या. इतक्या गाड्या चौकात मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पार्किंगची सोय पुरेशी आहे हे लक्षात आलं.

आर्तेमिओने हात मिळवला नाही. प्रवासाने दमला असावा. माळ्यावरची बॅग काढून घेऊन गेला, तशीच, न उघडता.

होनोरियो हल्ली टोमणे मारत नाही. भेटला की टोपी काढतो आणि पुढे जातो. सुधारला.

संमेलन रद्द करावं का, हा विचार अर्धा दिवस केला. तिला आवडलं नसतं. दुपारून पोस्टरवर तिच्या नावापुढे क्रूस काढत बसलो. बारा पोस्टर.

३१ मार्च, शनिवार, संध्याकाळ

वारा सुटला होता. सातला उठून खुर्च्या मांडल्या. अकरा वाजले, बारा वाजले. गावातले आम्ही, आता सहा. त्यातले तिघे आले, होनोरियो धरून.

साडेबाराला एक टॅक्सी आली. एकच बाई उतरली. ग्वादालाहाराची सोलेदाद आराउस, सत्तरीची, हातात घरी केलेला केक. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पहिल्या रांगेत बसली. मी भाषण सुरू केलं. माउली, खलाशी, पाद्री. सातव्या मिनिटाला कागद उडाला. तो धरायला कोणी उठलं नाही, मीही नाही.

ती म्हणाली, बसा आता, केक खा. म्हणाली, मालक वारल्यापासून मला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. तुमच्या पाकिटावर पूर्ण नाव होतं, म्हणून आले. मग म्हणाली, पत्रात लिहिलेली तुमची बहीण कुठे आहे? तिच्यासाठी मी शाल आणलीय.

तिला कळवायचंच राहिलं होतं.

कबरीपर्यंत चालत गेलो, ती, मी आणि होनोरियो. तिने शाल दगडावर ठेवली, उडू नये म्हणून वर खडा ठेवला. मग विचारलं, शेवटी जवळ कोणी होतं का?

मी तोंड उघडलं. होनोरियो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

म्हटलं, होतो ना. मीच होतो.

ती म्हणाली, बरं झालं हो. तिनेच माझा हात हातात घेतला. टॅक्सी वळली, दिसेनाशी झाली. मग होनोरियो म्हणाला, तिला सांगितलंस ते ठीक. परक्या बाईला कशाला त्रास. पण घरी जाऊन तरी खरं बोल.

लिहितो.

मी तिथे नव्हतो. त्या दिवशी नऊ वाजता तिने ऑफिसात फोन केला. माझ्याशी बोलायला तिने पहिल्यांदाच फोन वापरला असेल, दोन घरं सोडून तर राहायची. म्हणाली, नीनो, जरा येतोस? मी म्हटलं, दहा मिनिटं, यादी होत आली. म्हणाली, बरं.

पावणेदहाला होनोरियो अंडी द्यायला गेला, त्याला दिसली. दारामागच्या खुर्चीत. अंगात कोट होता, वरपर्यंत बटणं लावलेली, पायात एकच बूट. माझ्याकडेच यायला निघाली असणार.

होनोरियो मला बोलवायला आला तेव्हाही मी म्हटलं, एक मिनिट.