गाळलेलं पाणी

जुन्नर, आश्विन वद्य ५, शके १८४८

प्रिय जलाल,

आपण लॉरीचे पाच भागीदार, आणि पाचांची तक्रार एकच: घाटघरचा चढ लागला की गाडी उकळते आणि उतारूंना उतरून ती ढकलावी लागते. महायुद्धानंतर पलटणीनं मोडीत काढलेली ही लॉरी आपण आणली, तेव्हा तिच्या कौतुकात मी चार गावांत व्याख्यानं दिली होती. आता लोक माझ्या व्याख्यानाला खांदे चोळत येतात.

मागच्या सभेत तू काय म्हणालास ते मला शब्दशः आठवतं. इंजिन म्हातारं झालेलं नाही, म्हणालास. तेच उघडू, आतून साफ करू, सिलिंडर घासून नवे पिस्टन बसवू, पाण्याला पंप जोडू. आणि यापुढे पाणी फडक्यातून गाळून घालू. नवं इंजिन नको. मग मी उठलो. यंत्रयुग, विलायतेतले कारखाने, जुन्याला ठिगळं लावणारे देश मागे का पडतात, असं बरंच बोललो. वाचलेलं होतं, ते बाहेर आलं. शेवटी म्हणालो, "जलालभाईंचं ऐकलं तर उद्या इंजिनाला सोवळं नेसवावं लागेल." आपला भागीदार सोपान हसता हसता बाकावरून घसरला. नव्या इंजिनासाठी चार हात वर झाले. तू पाना फडक्यात गुंडाळलास आणि निघून गेलास. त्यानंतर तू लॉरीला हात लावलेला नाहीस.

परवा मला घाटघरला बोलायचं होतं, म्हणून लॉरीतूनच निघालो. डिंगोरे मागे पडलं, चढ लागला, गाडी उकळली. ड्रायव्हर भिमाजीनं बादली शेजारच्या भातखाचरात बुडवली आणि रेडिएटरात ओतली. दोन वर्षं तो हेच करतो आहे. मी दर वेळी पुढच्या बाकावर पुस्तकात डोकं घालून बसलेला, त्यामुळे कधी पाहिलंच नव्हतं. बांधावर धोंडाबाई गवत कापत होती. खाचर तिचंच. ती म्हणाली, "भाऊ, दर खेपंला माझ्या खाचराची माती नेताय. येताना एक पाटी परत आणून टाका की."

"पाणी नेतोय मावशे, माती न्हाई," भिमाजी म्हणाला.

"मग ती गाडीच्या प्वाटात ऱ्हाती व्हय?" असं म्हणून ती पुन्हा वाकली.

भिमाजी हसला. मला हसू आलं नाही. घाटघरला पोहोचल्यावर इंजिन निवू दिलं, भिमाजीला त्याच्या पाण्याची खालची तोटी उघडायला लावली आणि तारेनं आत खरवडलं. पाणी आलं नाही. पिवळी माती आली, मळलेल्या कणकेसारखी. त्या दिवशी मी व्याख्यान दिलं नाही. घसा बसलाय, असं सांगितलं.

लहानपणी तुमच्या कागदाच्या कारखान्यात मी खेळायला यायचो, तेव्हा तुझे अब्बा नदीचं पाणी दोनदा गाळून हौदात सोडायचे. मी त्यांना विचारलं होतं, पाणी तर स्वच्छच दिसतंय, मग कशाला? ते म्हणाले होते, आज दिसत नाही, कागद वाळला की दिसतं. हे पत्र त्यांच्याच हातच्या कागदावर लिहितो आहे. लिहायच्या आधी उन्हात धरून पाहिला. एक कण नाही.

रविवारी पुण्याचा माणूस नवं इंजिन घेऊन येणार आणि बदल्यात जुनं उतरवून नेणार. एकदा गेलं की ते परत मिळणार नाही. आणि नव्यालाही भिमाजी त्याच खाचराचं पाणी पाजणार. तुझं घर इथून तीन गल्ल्यांवर आहे. तरी पत्र लिहिलं, कारण तोंडानं सांगायला आलो असतो तर त्याचंही भाषण झालं असतं. सभेत मी तुझं हसं केलं, ते चूक होतं. त्याच लोकांपुढे मी दोन वाक्यांत तसं सांगणार आहे. पण माझ्या बोलण्यावर त्यांनी आता विश्वास ठेवू नये, माती डोळ्यांनी पाहावी. बादली आणि फडकं मी धरतो. रविवारी बाजार भरायच्या आत तू पाना घेऊन लॉरीपाशी ये, आणि सगळ्यांसमोर इंजिन उघड.

तुझाच
सावळाराम