अण्णांची राहिलेली लेव्हल

३ ऑगस्ट
अण्णांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. आजपासून इथे लिहायचं ठरवलं आहे, कारण माझ्यावर एक जबाबदारी आली आहे आणि ती कुणाला सांगता येत नाही.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला, नदीवर, पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, वहिनींना सांभाळू. शिवला नाही. मी म्हणालो, जे. पी. नगरचं घर विकणार नाही. कावळ्याने मान फिरवली. आई मागे हात जोडून उभी होती. मग मला अण्णांचा फोन आठवला. स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला सापडला होता. उघडला तर फळं फोडायचा ऑनलाइन गेम, लेव्हल ९१३ वर अडकलेला. मी मनात म्हणालो, अण्णा, तुमची लेव्हल मी पुरी करतो. कावळा थेट पिंडावर.

याला गेम म्हणत नाहीत. पितृऋण म्हणतात.

५ ऑगस्ट
स्ट्रॅटेजी. तीन सारखी फळं रांगेत आली की फुटतात. ९१३ मध्ये सगळी जांभळं बर्फाखाली. सगळे वरून फोडत येतात, तिथेच चुकतात. मी खालून जाणार. पाच जीव मिळतात. ते संपले की फोन बंद. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी : संपलेले जीव आपोआप परत भरतात, असं कळलं. म्हणजे रोज पाच हा नियम मी गैरसमजातून केला होता. रद्द.

८ ऑगस्ट
हर्षिताने विचारलं, ऑफिसमधून आल्यावर दोन शब्द बोलणार आहेस का. तिला कावळ्याचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, अण्णांना गेम खेळताना मी तरी कधी पाहिलं नाही. सुनांचं लक्ष नसतं. मी मुलगा आहे, मला माहीत आहे. तसं पाहिलं तर मीही नव्हतं पाहिलं, पण तो मुद्दा वेगळा.

११ ऑगस्ट
दोन दिवस खेळायला जमलं नाही, तर दुपारी अण्णांच्या फोनवर मेसेज आला : ‘वी मिस यू, पुरुषोत्तम.’ गेमच्या कंपनीचा आहे, हे कळतं. तरी अंगावर काटा आला. लगेच खेळलो. हरलो. बाल्कनीच्या ग्रिलवर कावळा बसला होता. तोच, असं माझं म्हणणं नाही. पण बघत होता.

१४ ऑगस्ट
व्हाइटफील्डचं ऑफिस. क्लायंट कॉल चालू असताना तीन अननस फुटले आणि आवाज सगळ्यांना ऐकू गेला. ध्रुव, आमचा मॅनेजर, पुण्याचा, नंतर विचारत होता, तुझ्याकडे काय फुटत होतं. मी म्हणालो, वडील गेले रे. मी खोटं काहीच बोललो नाही.

ठराव : लेव्हल पहिल्या मासिक श्राद्धाच्या आत.

१८ ऑगस्ट
मासिक झालं. लेव्हल झाली नाही. अण्णांना कसलीच घाई नसायची, तेव्हा चालेल.

श्राद्धाला आलेल्या आचार्यांना वाढताना केळीच्या पानावर मी तीन वडे एका रांगेत आणले आणि फुटायची वाट बघत बसलो. त्यांनी पानावरचा हात मागे घेतला. आईने पाहिलं आणि मान खाली घातली.

२४ ऑगस्ट
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. खेळत होतो. आई कॉफी घेऊन मागे उभी राहिली. अगदी हळू म्हणाली, “कोपऱ्यातलं जांभूळ आधी घे.” घेतलं. अख्खी ओळ फुटली. आईला साधा ओटीपी वाचता येत नाही, मग हे कोण बोललं? मी वळून “अण्णा?” म्हणालो. ती आत पळाली.

२ सप्टेंबर
आई रोज येऊन उभी राहते. बोलते, बरोबरच बोलते. मी मागे वळत नाही. हर्षिता म्हणते, तुम्ही दोघं मला भीती घालता. डोळे मिटले तरी जांभळं दिसतात. रात्रीच काय, सिग्नलला थांबल्यावरसुद्धा समोरच्या गाड्या मनातल्या मनात रंगानुसार लावतो. तब्येत एरवी ठणठणीत.

१६ सप्टेंबर
झाली! कॅबमध्ये, सिल्क बोर्डच्या सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये. शेवटचं जांभूळ फुटलं आणि मला रडू आलं. ड्रायव्हर म्हणाला, सर, स्वल्प पाणी प्या. आकाशाकडे बघून हात जोडले. स्क्रीनवर ९१४ आलं. तिकडे पाहिलं नाही. फारसं.

१७ सप्टेंबर
दुसरं मासिक. सगळं उरकल्यावर आईच्या पायाशी फोन ठेवला. म्हणालो, अण्णा मोकळे झाले.

आईने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, “हयवदना, ते कुठे खेळायचे रे? गेम माझा. त्यांच्या फोनवर मी खेळायची. संध्याकाळी हे कॉफी घेऊन समोर बसायचे. स्वल्प बोल गं माझ्याशी, म्हणायचे. मी म्हणायची, थांबा, एवढी लेव्हल होऊ दे.”

मी फोन उलटा करून ठेवला.

“नदीवर सगळे काय काय कबूल करत होते. मी मनात म्हटलं, आता मी त्या गेमला हात लावणार नाही. तेव्हा आला तो कावळा. तू फोन उचललास, मला मोहातून सुटल्यासारखं झालं.”

मग मागे उभं राहून जांभूळ कोण सांगत होतं, विचारलं. “राहवत नाही रे,” म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

संध्याकाळ : गेम डिलीट केला. हर्षिता कॉफी घेऊन समोर बसली. बोलत होती, मी ऐकलंही. मधला भाग सोडून. ग्रिलवर कावळा आला. तिला दिसणार नाही असा कॉफीबरोबरच्या कोडबळ्याचा तुकडा बाहेर ठेवला आणि मनापासून म्हणालो, पुन्हा खेळणार नाही.

अंधार पडेपर्यंत तो तुकड्याकडे आणि माझ्याकडे बघत बसला. शिवला नाही.